पंपाला टेकलेला फोन

३ मार्च
“मशीन खोटं बोलत नाही, पण ते कुणाचंही ऐकतं,” पुण्यातल्या पहिल्या नोकरीत सुमंतसर म्हणाले होते. आज इथे अमेरिकेत, एडिसन गावच्या हॉस्पिटलात मशीनदुरुस्तीच्या कामावर रुजू झाले. स्वतःचं टेबल, खिडकीत ऊन, येताना ओक ट्री रोडवर गरम सामोसा. छान वाटलं. आयसीयूत चक्क मराठी पेशंट, रत्नाकाकू. न्यूमोनिया, पण सुधारताहेत. गुंगीचं औषध एक छोटा पंप थेंबथेंब देतो. जास्त गेलं तर श्वास थांबेल.

५ मार्च
काकूंचा मुलगा शंतनू सकाळभर नागपूरशी व्हिडिओ कॉल चालू ठेवतो. फोन उभा राहावा म्हणून पंपालाच टेकवतो. पडद्यावर त्याच्या आत्या चिवडा खात काकूंना बघत होत्या. बोटं चाटत मला म्हणाल्या, अगं नवीन मुली, सरक जरा, वहिनीचं तोंड दिसत नाही. किळस आली. तरी हसून सरकले. आत्याच त्या, काय बोलणार?

६ मार्च
तासाभराचं औषध वीस मिनिटांत संपलं. पंपावर आकडा मात्र बरोबर. माझ्या टेबलावर पंप नीट चालला. परत खोलीत नेला, फोन टेकला, आणि आतली मोटर घरघरली. फोन उचलला की शांत. आमचे साहेब वॉल्टर म्हणाले, फोनच्या लहरींनी मशीन बिघडायची भीती आता जुनी झाली. दुसरा पंप दिला. तोही त्याच बनावटीचा.

७ मार्च
फोन हलवला तर शंतनूदादा चिडले. यार, कॉल कट झाला की तिकडे रडारड होते. परत टेकवला. काकूंचे ओठ निळसर. पडद्यातून कुणीतरी विचारलं, वहिनीला लिपस्टिक लावलीय का गं? हशा. मीही हसले, सवयीनं. मग वॉल्टरना परत सांगितलं. तेच उत्तर.

८ मार्च
काकू खालावल्या म्हणून सगळे नातेवाईक कॉलवर निरोपाला जमलेत. तीन फोन. तिन्ही पंपाला टेकलेले— मोटर दारापर्यंत ऐकू येतेय. पेशंटला लावलेला पंप मी बंद करायचा नाही, नियम. नर्सला दोनदा बोलावलं. शेजारच्या खोलीत अडकलीय—

श्वास मोजले. मिनिटाला सहा.

पडद्यात आत्यांनी गंगाजळाची वाटी वर धरलीय. कुणीतरी अजून काहीतरी चघळतंय—

पाच.

दाराशी उभी राहून लिहितेय. आत जाऊन सांगणार. नाहीच म्हणतील. अशा वेळी फोन बंद करा म्हणणारी मी कोण? तरी म्हणणार— शंतनूदादा, हात जोडते, पाचच मिनिटं ते फोन बाहेर—