एका फटक्याने हरण्याची योजना

४ मार्च. सकाळ.
आजपासून रोज डायरी. मोठी माणसं लिहितात. आपण मोठे होण्याच्या बेतात आहोत, तेव्हा सवय असलेली बरी.

झोनल मॅनेजर रिटायर होताहेत. जागेसाठी दोनच नावं. एक सेल्समधला मी. दुसरा सर्व्हिसमधला मफलर. एसीचा वारा सोसत नाही म्हणून बाराही महिने गळ्याला मफलर गुंडाळून बसतो. पंप विकणाऱ्या कंपनीत माणसात थोडं तरी प्रेशर नको?

झोनल मॅनेजरला कंपनीचा तीन खोल्यांचा फ्लॅट मिळतो. आमची मुलगी बाल्कनीत टेबल टाकून परीक्षेचा अभ्यास करते. समोर गॅरेज. दिवसभर ठाकठूक. तिला म्हटलं, बाळा, आता थोडेच दिवस.

४ मार्च. दुपार.
मोठे साहेब मला आणि मफलरला लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, डोंगरावर आमच्या क्लबचा नवा गोल्फ कोर्स झालाय, उद्घाटनाला जोड्यांची मॅच आहे, तुमच्यापैकी कुणी खेळतं का? मफलर म्हणाला, नाही बुवा. मी म्हणालो, कॉलेजात खेळायचो. खोटं नाही. हॉकी खेळायचो. काठी, चेंडू, गवत. फरक तो कितीसा!

साहेब खूश. मी त्यांचा जोडीदार. मफलर तिसऱ्या मजल्यावरच उतरून गेला.

७ मार्च.
मेव्हण्याकडून गोल्फच्या काठ्या आणल्या. त्याने हौसेने घेतलेल्या, दोनदा खेळून पलंगाखाली टाकलेल्या. म्हणाला, दाजी, जमेल ना? आणि वाकवू नका हं. मी नुसता हसलो. हसण्यात आत्मविश्वास होता. बायको म्हणाली की नव्हता.

९ मार्च.
प्रॅक्टिस सुरू. बाल्कनी उत्तम. फरशी गुळगुळीत, कोपऱ्यात पाणी जायचं भोक अगदी हवं त्या मापाचं. मुलीचं टेबल तात्पुरतं स्वयंपाकघरात ओट्याशेजारी हलवलं. तिने तोंड फुगवलं. तुझ्याच खोलीसाठी चाललंय म्हटलं.

पहिला चेंडू भोकात. दुसराही. डोळे मिटून मारला, तोही. अंगात उपजत काहीतरी असल्याशिवाय असं होत नाही. बायको कपडे वाळत घालत होती. म्हणाली, पाणीसुद्धा रोज तिथेच जातं, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

१२ मार्च.
वेगळीच चिंता. मी असाच खेळलो तर साहेबांना हरवून बसेन. जोडी असली तरी प्रत्येकाचे फटके वेगळे लिहितात, आणि ज्याचे कमी तो वरचढ. बॉसला हरवलेल्या माणसाला प्रमोशन मिळाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा हरायचं. पण लाजिरवाणं नाही. एकाच फटक्याने. म्हणजे साहेबांना वाटेल, माणूस तोडीस तोड आहे, पण आपली पायरी ओळखतो.

शेवटच्या भोकाजवळ एक सोपा फटका चुकवायचा आणि कपाळावर हात मारायचा. कपाळावर हात मारण्याची प्रॅक्टिस आरशासमोर केली. छान जमतंय.

१५ मार्च.
आज डोकं जबरदस्त चाललं. मॅचच्या शनिवारी ऑफिसात कुणीतरी जबाबदार माणूस हवा, असं साहेबांना सुचवलं. वर मफलरचं नावही सुचवलं. तो तिकडे टेलिफोन सांभाळेल, मी इकडे साहेबांसोबत गारव्यात! साहेब म्हणाले, बरं सुचलं तुम्हाला. मफलर म्हणाला, हरकत नाही, थर्मास घेऊन येतो. बिचारा.

सासूबाईंना फोनवर नव्या फ्लॅटचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, बाजारात तुरी अन्... पुढचं ऐकू आलं नाही. मीच फोन ठेवला.

२२ मार्च. पहाटे.
निघतोय. नवी टोपी, पांढरे बूट. मुलगी ओट्यावर डोकं ठेवून झोपली होती, पुस्तक डब्यांमध्ये. पाहून गलबलून आलं. तिला उठवलं नाही. आज तिच्या खोलीची किल्ली घेऊनच येणार.

२२ मार्च. दुपार. क्लबहाउसचं बाथरूम.
घाईत लिहितोय. या कोर्सवर सपाट असं काही नाही. एकीकडे कडा, एकीकडे दरी, मधे गवत लावलंय. बांधणाऱ्याला कुणी विचारलं नाही का, की बाबा, चेंडू गोल असतो?

पहिलं भोक चढावर. मारला. चेंडू वर गेला, थांबला, विचार केला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. पुन्हा मारला. पुन्हा आला. साहेब म्हणाले, तुमच्यावर माया दिसते त्याची. दुसऱ्या भोकाला उतार. नुसता टेकवला तर भोक ओलांडून, बाक ओलांडून, दरीत. तिसऱ्याला धुकं. चेंडू कुठे गेला देवाला ठाऊक. चौथ्याला काठीच दरीत गेली. मेव्हण्याची.

साहेबांचा मोबाइल सारखा खिशातून आत-बाहेर. रेंज नाही. मी म्हणालो, साहेब, ऑफिसची काळजी सोडा, निवांत खेळा. हे बोलणं त्यांना आवडलं.

अजून निम्मी भोकं बाकी. दम लागलाय. बाहेर साहेब हाका मारताहेत.

२२ मार्च. रात्र.
योजनेप्रमाणे हरलो. फरक जरा जास्त पडला. शेवटी शेवटी लिहिणाऱ्याने माझे फटके मोजायचं सोडून दिलं. कपाळावर हात मारला, पण तो सगळ्यांनी पहिल्या भोकापासूनच पाहिला होता.

पण! साहेब प्रचंड खूश. असे हसत होते की ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं. गाडीत माझ्या खांद्यावर हात. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस मला आजवर मिळाला नाही. आता याचा दुसरा काय अर्थ निघतो? बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. अगं पण ते अंगण खरोखर वाकडं आहे! डोंगर आहे तो!

२४ मार्च.
ऑफिसात कुजबुज. शनिवारी शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलचा पंप बंद पडला. आमचा पंप. वरच्या मजल्यांवर पाण्याचा थेंब नाही. साहेबांना फोन लागेना. मग मफलरने स्वतःच्या जबाबदारीवर गोदामातला नवा पंप उचलला, मेकॅनिक घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत पाणी चालू केलं. परवानगीशिवाय! शिस्त म्हणून काही आहे की नाही? साहेब चौकशी करणारच. मफलरचं कठीण दिसतं.

३१ मार्च.
मफलर झोनल मॅनेजर.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून नीट समजावलं. म्हणाले, मी नसताना निर्णय घेणारा माणूस मला हवा होता, आणि त्याला त्या दिवशी ऑफिसात बसवायचं तुम्हालाच सुचलं, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, क्लबात माझा नंबर दरवेळी शेवटचा येतो हो. त्या दिवशी पहिल्यांदा आला नाही. दर शनिवारी याल ना?

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मफलर एकटा जीव. तीन खोल्यांत काय करणार तो? एका खोलीत मफलर वाळत घालेल.

२ एप्रिल.
शनिवारच्या रजेचा अर्ज आता मफलरकडे द्यावा लागतो. दिला. वाटलं, अडवेल. मनातून वाटत होतं, अडवावं. त्याने न वाचता सही केली. चांगल्या मनानेच म्हणाला, जा तुम्ही खुशाल, तुमच्यावाचून इथे काही अडत नाही.

घरी आलो. मुलीने मला न विचारता टेबल परत बाल्कनीत नेलं होतं. पाय फरशीवर डगमगतो, म्हणून तिने तो पाणी जायच्या भोकात रोवून बसवलाय. म्हणाली, बाबा, बघा, आता अजिबात हलत नाही. फार वाईट वाटलं.

गॅरेजचा आवाज चालूच होता. ती कानात कापूस घालून वाचत बसली. मी काठ्या पलंगाखाली सरकवल्या. शनिवारी सकाळी काढायला सोप्या पडतील अशा, अलीकडेच.