दसऱ्याचा कौल

इब्रामपूर, ८ नोव्हेंबर २०२४

चि. पद्मावतीस अ. उ. आ.

फोनवर जीभ रेटेना, म्हणून लिहितो. मंगळवारी दाढी करताना मी पुन्हा पडलो. थोरल्या गौरेशने म्हापशाला डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी छातीला यंत्र जोडले, मानेची एक बाजू दाबली, आणि कागदावरची हृदयाची रेघ चक्क सपाट झाली. तिथल्या नसेवर दाब आला की ती हृदयाला थांबायला सांगते म्हणे. माझी नस जरा जास्तच हुकूम सोडते. आता छातीत बॅटरी बसवायची आहे.

तेव्हा दसऱ्याला देवाच्या तरंगाची काठी उचलताना माझ्या अंगात देव आला नव्हता. शेल्याची गाठ गळ्याशी आवळली आणि मी बेशुद्ध पडलो. शुद्धीवर आलो तर सगळा गाव हात जोडून उभा, आणि तू सेजलच्या लग्नाचा कौल मागत होतीस. घेरी आली म्हणायची लाज वाटली, आणि हे लग्न नको असे बोलून बसलो. देवेशच्या बापाशी पाटाच्या पाण्यावरून माझे किती वाकडे, ते तू जाणतेस. देवाच्या नावाने मी माझे भांडण भांडलो, आणि त्या शब्दावर तू पोरीचे ठरलेले लग्न मोडलेस. तिचा मामा म्हणवून घ्यायला मला तोंड राहिले नाही. देवेश अजून दुसरीकडे हो म्हणालेला नाही. तिला खरे सांगून टाक.

लोभ ठेव असे लिहायचा धीर होत नाही.

तुझा दादा,
सगुण

पार्से, १३ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. सगुणदादास शि. सा. न.

बॅटरीचे आधी उरकून घे. तोवर दाढीही गौरेशलाच करू दे, थोडा देखणा दिसशील.

दादा, तू एकट्याने लाजू नकोस. डोळे उघडल्यावर तू हळूच मला पद्मू म्हणून हाक मारलीस आणि पाणी मागितलेस. देव असे पाणी मागत नाही, हे मला तिथेच कळले. तरी मी पाणी दिले नाही, घाईघाईने कौल विचारला. तू नको म्हणशील याची मला खात्री होती. देवेश तिला बंगळुरूला नेणार, आणि हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. दसऱ्यापासून पोर देवाचा शब्द म्हणून खाली मान घालून जेवते, आणि मी तिला वाढते. माझी मलाच किळस येते.

रविवारी ये. आधी तिला सांगू, मग देवळात चारचौघांत. तिने देवेशला फोन लावला तर आपण अंगणात जाऊन बसू. तिच्यासमोर एकटीने उभे राहायचे बळ माझ्यात नाही, तेवढ्यापुरता तरी लोभ असू दे.

तुझी,
पद्मू