अळणी भरिताचा हिवाळा

नाना, आज भरीत केलं आणि मीठ घालताना हात थांबला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मिठाच्या डब्याला हात लावला की तुम्ही आठवता आणि मला हसूच येतं.

मी अकरावीत होते. साधा ताप आला, गेला आणि मागे धाप ठेवून गेला. नशिराबादच्या आपल्या घराच्या चार पायऱ्या चढले तरी छाती धडधडायची. जळगावच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि सांगितलं, हृदयाच्या स्नायूला सूज आहे. तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही, मीठ बंद. "सूज शे? मंग शेक देऊत का, डॉक्टरसाहेब?" तुम्ही विचारलंत. डॉक्टर हसले नाहीत. "पोरीला हिंडू दिलंत तर हृदय थकून बसेल," म्हणाले. तुमचा चेहरा उतरला. पण तुम्ही पडलात एसटीचे ड्रायव्हर. घरी येताना मला समजावलंत, "इंजन तापनं का गाडी उभी ठेवनी पडस, माय. बस, इतलंच." मला मात्र वाटत होतं, ही गाडी आता उभीच राहणार.

हिवाळा ऐन भरात होता. गल्लीत रोज कुणाकडे तरी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जायची आणि माझ्या ताटात अळणी भरीत. मी ताट ढकललं, तर तुम्ही समोर मांडी घालून बसलात. "आजपाईन मी बी अळणीच खासू." आणि खाल्लंत की, तोंड वाकडं न करता! आईने साऱ्या गल्लीला सांगितलं. पुढे दोनेक महिन्यांनी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, आई दळणाला गेलेली असताना मी भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. तुम्ही पाठमोरे बसून भाकरी, भरीत आणि लोणचं हाणत होतात. मांडीशी मिठाचा डबा उघडा. ओढणी तोंडात कोंबून मी पोट दुखेपर्यंत हसले. मग लक्षात आलं, छाती धडधडत नाहीये. एवढं चालून, एवढं हसूनही धाप नाही. आपण वाचणार, असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या दारात.

संध्याकाळी तुम्ही पुन्हा साधूसारखे अळणी ताटावर बसलात. मी गप्प. तुमचा तो त्याग आई शेवटपर्यंत सांगत राहिली आणि मी मान डोलावत राहिले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं सांगते. तुमची लाज राखायला मी गप्प नव्हते. बोलले असते तर तुम्ही विचारलं असतंत, उठलीस कशाला? मीठ चोरायलाच आले होते, नाना. तुम्ही डबा अडवून बसला होतात.