खाज: दहापैकी दोन

३ ऑक्टोबर, सोमवार. बानी.
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. योकास्ता नाव, वय माझ्या धाकट्या मुलीएवढं. एक्झिमा आहे म्हणाली. हे तर माझ्या हातांकडे बघून आमची बायको मिर्थाही सांगते. मग तिने एक पट्टी दाखवली, शून्य ते दहा. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकी भयंकर खाज. गेल्या चोवीस तासांतली सगळ्यात वाईट खाज कितीची, तो आकडा रोज लिहायचा. काका, खरं तेच लिहा हं, म्हणाली. हे मला! वजन-मापं खात्यात मी जन्मभर इन्स्पेक्टर होतो. बानीतला एकेक तराजू मला घाबरून असायचा.
आजचा आकडा: २.

६ ऑक्टोबर, गुरुवार
खाज: २. मिर्था म्हणते, दोन कसे? चादरीवर रक्ताचे डाग आहेत, काल जेवताना काट्याने पाठ खाजवलीत आणि तोच काटा केळ्याच्या भरतात घातलात. तिला मोजमापातलं काही कळत नाही. दहा म्हणजे कल्पनेतली खाज, आणि माझी कल्पनाशक्ती मोठी आहे. माणसाला मध फासून मुंग्यांच्या वारुळावर बांधलंय, हात पाठीमागे, आणि समोर निवडणुकीचं भाषण चालू आहे. ते दहा. त्या मानाने माझे दोन. झोपेत खाजवलेलं मी धरत नाही, तेव्हा मी ड्यूटीवर नसतो.
मिर्था हल्ली झोपाळ्यात झोपते. उकडतं म्हणून.

११ ऑक्टोबर, मंगळवार
खाज: २. आमच्या गावच्या रेग्लामातेच्या उत्सवाची डॉमिनो स्पर्धा जाहीर झाली. डोन्या चेआच्या किराणा दुकानासमोर, नेहमीप्रमाणे जोड्या-जोड्यांनी. सलग चार वर्षं मी आणि निकानोर जिंकतोय. निकानोर म्हणजे मिर्थाचा भाऊ. भला माणूस, डोकं बेताचं. डावपेच सगळे माझे.
बक्षीस एक बोकड, आणि दुकानाच्या भिंतीवर तांदळाच्या पोत्यांच्या वर फ्रेममधला फोटो. बोकड काय, उत्सवातच संपतो. फोटो वर्षभर राहतो. साखर घ्यायला आलेली बाईसुद्धा वर बघते. पाचवा फोटो लागला की मी मरायला मोकळा.
निकानोर विचारत होता, दाजी, ते मलम फार लावत नाही ना तुम्ही? किती काळजी माझी!

१६ ऑक्टोबर, रविवार
खाज: २.२५. मी गोळाबेरीज करत नाही. उद्यापासून खाजवणं कायमचं बंद. आज फक्त भांडी घासायची तारेची घासणी वापरली. ते खाजवण्यात येत नाही.

२४ ऑक्टोबर, सोमवार
खाज: २. डॉक्टरीणबाईंना आकडे दाखवले. त्यांनी कागद बघितला, माझे हात बघितले, परत कागद बघितला. झोप लागते का? उत्तम, म्हटलं. त्या म्हणाल्या, काका, आकडा मोठा असेल तर मी मोठं औषध देऊ शकते, इंजेक्शन. दोनला नुसतं मलम. म्हटलं, मग मलमच द्या. माप वाढवून फायदा उकळणाऱ्यांना मी दंड केलेत, मी स्वतः तसलं करणार?
जुनी ट्यूब निकानोरकडे विसरली होती. मागितली तर म्हणतो, हरवली.

६ नोव्हेंबर, रविवार
खाज: २, अपमान: १०. उपांत्य फेरी आम्ही जिंकली आणि दुसरी उपांत्य फेरी जिंकून बघत बसलेला सेनोन न्हावी बोंबलत उठला. म्हणे, हा हासिंतो खाणाखुणा करतो! मान खाजवतो, लगेच त्याचा मेहुणा बरोबर हवी ती सोंगटी टाकतो! खेळताना बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, हे इथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. असल्या माणसाला परत टेबलाला कुणी बसू देत नाही. मी इतक्या जोरात उठलो की खुर्ची पडली.
दुकान डोन्या चेआचं, म्हणून निवाडाही तिचाच. ती म्हणाली, डॉक्टरचा कागद आण. खाज खरंच इतकी वाईट असेल की हात राहवत नाही, तर बिनधास्त खाजव.
निकानोर घामाने निथळत होता. माझा अपमान त्याला फार लागला.

८ नोव्हेंबर, मंगळवार
खाज: २. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. त्याआधी दोनदा विचारलं, काका, आकडा बदलायचाय का, अजून वेळ आहे. मी म्हटलं, इन्स्पेक्टरची नोंद खोडत नसतात.
सेनोनने कागद दुकानात मोठ्याने वाचला. ‘रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींनुसार खाज दहापैकी दोन, सौम्य.’ मग म्हणाला, दोनच? अरे, मग हात आवरता येतो की तुला! तरी खाजवतोस म्हणजे मुद्दामच ना? सगळं दुकान हसलं. डोन्या चेआने सांगितलं, अंतिम सामन्यात एकदा जरी खाजवलंस तर बाद. मी तिथल्या तिथे कबूल केलं.
बाहेर निकानोरने माझा दंड धरला. दाजी, पाया पडतो, आत जाऊन सांगा, नऊ आहे म्हणावं, दहा आहे म्हणावं! म्हटलं, खोटं बोलून मिळवलेला फोटो मला नको. घरी मिर्थाला हे सांगितलं तर ती इतकी हसली की भात लागला.

२० नोव्हेंबर, रविवार
खाज: २.५. अंतिम सामना. मी एकदाही खाजवलं नाही. पहिल्या डावात कोपर पेटलं, दुसऱ्यात मान, मग गुडघ्याची मागची बाजू. सोंगट्या हातात इतक्या घट्ट धरल्या की ठिपके तळव्यावर उमटले. डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्यासारखा माणूस बानीत दुसरा नाही, हे मी स्वतः सांगतो.
हरलो. दोनशे गुणांविरुद्ध पस्तीस. दोष संपूर्ण निकानोरचा. माझ्या हातात सहा ठिपक्यांच्या पाच सोंगट्या, आणि हा गाढव सहाचा रस्ताच बंद करतो! वेड्यासारखा माझ्या हातांकडे बघत बसला होता.
घरी येऊन आंब्याच्या खोडाला पाठ घासली. मिर्थाने जेवायला तीनदा हाक मारली म्हणे.

२१ नोव्हेंबर, सोमवार
आज उत्सव. निकानोर आला. मी काही बोलायच्या आत तोच ओरडला, दाजी, तुम्ही खाजवलंच नाहीत! मी काय डोंबल खेळणार? मग सगळं ओकला. मी मान खाजवली की माझ्या हातात डबल, म्हणजे दोन्हीकडे सारखे ठिपके असलेल्या सोंगट्या, जास्त. डावं कोपर, तर सहाच्या सोंगट्या. गुडघा म्हणजे अडकलो, लावायला सोंगटीच नाही. सोंगट्या बघून माझा जीव वरखाली होतो आणि खाज त्या त्या जागी उठते, असं तो म्हणतो. चार वर्षं तो हेच बघून खेळला. वर म्हणाला, तुम्हाला खेळता कुठे येतं, दाजी? भिंतीवरचा तो फोटो तुमच्या कोपराचा आहे.
म्हणजे सेनोन खरं बोलत होता. खुणा होत होत्या, मी करत होतो, आणि मलाच माहीत नव्हतं.
मी मिर्थाकडे बघितलं. गुडघ्याचं तिनेच त्याला सांगितलं होतं. खोटं बोलताना तुम्ही कान खाजवता, हेही म्हणाली. साफ खोटं, म्हटलं. तिने फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. हात कानावर होता. फार वाईट वाटलं आज. आकडा लिहिला नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार
भिंतीवर सेनोनचा फोटो लागला. निकानोरने पुढच्या वर्षासाठी नवा जोडीदार धरलाय, चर्चची घंटा वाजवणारा लिब्रादो. त्याची उजवी पापणी सारखी फडफडते.
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खाज: ९. लिहिताना हात जड झाला. मोठं औषध सुरू करू म्हणाल्या, इंजेक्शन, नाताळपर्यंत बराच फरक पडेल, पुढे खाज पूर्ण जाईल.
मी विचारलं, पूर्ण? कोपरापुरती थोडी ठेवता येईल का?