पुढारी तेरा, पोरं नऊ

शुक्रवार, ता. ५ जुलै १८९५

नाव घातलं! गणपतीच्या मेळ्यात आमचा मधु लेझीम खेळणार आणि मी त्या मेळ्याचा पुढारी. लेझीम मी जन्मात हातात धरलेली नाही.

खरं कारण इथेच लिहितो. मधु आठ वर्षांचा झाला. आप्पांदेखत, म्हणजे वडिलांदेखत, स्वतःच्या पोराशी बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आप्पांनी पाळली, आता मी पाळतो. आणि आप्पा घरी नाहीत असं कधी होतच नाही! मधूला शाळेत नेतात तेच, जेवायला घेऊन बसतात तेच. घरातले सगळे म्हणतात म्हणून मधुही मला 'भाऊ' म्हणतो. आता देवळात सरावाला रोज तासभर तरी तो माझा.

रविवार, ता. ७

पोरं नऊ. पुढारी तेरा! नऊ बाप, चार मामे. गोपीनाथराव वकिलांना विचारलं, "आपण कसे?" म्हणाले, "धर्मकार्य!" मग त्यांनी मला विचारलं. मीही तेच सांगितलं.

कामं वाटली. एक झेंड्याचा पुढारी, एक टाळांचा, एक चपला राखायचा. माझ्याकडे पाण्याची घागर.

मंगळवार, ता. ९

गोपीनाथरावांचा ठराव — बापानं आपल्या पोराला शिकवू नये, हाकही मारू नये, पक्षपात होतो. सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते म्हणजे मीही हात वर केला! नाही कसं म्हणणार? पोराशी बोलायला आलोय, असं चारचौघांत सांगू?

बुधवार, ता. १०

घागरीपाशी तासभर बसलो. मधूला तहान लागली नाही.

शनिवार, ता. १३

गोपीनाथराव हळूच घागरीपाशी आले. "हरिहरपंत, आमच्या दत्तूला जरा सांगा, घाम पुसून घे म्हणावं. सर्दी होते त्याला." ठराव आणला कुणी? यांनीच! वर तोंड करून मलाच गळ घालतात. मी म्हटलं, "सांगतो. तुम्ही मधूला विचारा, दात अजून हलतो का."

विचारून आले. "परवाच पडला म्हणतो."

परवा पडला. एका घरात राहतो आम्ही. फार वाईट वाटलं.

रविवार, ता. २१

पोरांना शिकवणारा खरा माणूस एकच — तालमीतला गुणाजी. आज म्हणाला, "पोरांचा झाला. आता बापसांचा काय? मिरवणुकीत पुढं तुम्ही चालनार, नि एकाचाही पाय बरोबर पडत नाय!"

म्हणून पुढाऱ्यांची निराळी तुकडी केली. तेरा पगड्या, तेरा पोटं, हातात लेझीम. गोपीनाथरावांचं उपरणं लेझमीत अडकलं, ते सोडवताना मी चपलांच्या पुढाऱ्यावर जाऊन पडलो. पायरीवर बसलेली पोरं हसून हसून लोळली. मधु सगळ्यांत मोठ्यानं. घरात असा हसताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही. उठून मुद्दाम आणखी एकदा पडलो.

सोमवार, ता. २२

जेवताना मधु आप्पांना सांगत होता, "भाऊ उजवा पाय म्हटलं की डावा टाकतात!" मी ताटात बघत राहिलो. आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसतं विचारलं, "रोज किती वाजता असतं हे?"

झालं! आता मेळा बंद. नाव काढून घ्यायला लावणार, माझंही आणि मधूचंही.

गुरुवार, ता. २५

आप्पा खरंच देवळात आले. गोपीनाथराव पुढे धावले, "या, या आप्पासाहेब! पोरांच्या तुकडीकडे बघता का जरा?"

आप्पा म्हणाले, "पोरांची नको. मला या बापांच्या तुकडीवर नेमा. माझा मुलगा आहे तीत."