पाण्याला हात

धाकटी डहाणू. गुरुवार, ११ सप्टेंबर, संध्याकाळ.

आईला घेऊन नॉर्वेहून येऊन तीन आठवडे झाले. आज शेजारच्या काकींना मोबाईलवर क्रूझचे फोटो दाखवत बसले होते. दोन्हीकडे उभे डोंगर, मधल्या पाण्यातून जाणारं आमचं जहाज. काकी म्हणाल्या, "ही तर खाडीच की." आई सुके बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खाडीच. पण पाण्याला हात लावू दिला नाय हिने."

बोटीत चढण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला न्यायचा, ही आमच्या घरची रीत. क्रूझच्या पहिल्याच दिवशी जहाजाच्या नवव्या मजल्यावर कठड्याशी उभी राहून आईने विचारलं होतं, "हात कुठून लावायचा गं?" मी हसले होते. मग एका गावात उतरलो, तेव्हा ती सरळ पाण्याकडे निघाली. मी दंड धरून मागे ओढलं. घसरशील, गार आहे, जहाज सुटेल. काय काय बोलले मी. जुनी सवय, एवढंच वाटलं मला.

आज बोंबील निवडता निवडता आई काकींना म्हणाली, "हिचा बाबा दर्यात गेला, तो मिळालाच नाय. पाणी सगळं एकच ना. हात लावला असता तर त्याला कळलं असतं, मी एवढ्या लांब आले ते."

मी उठून आत आले. त्या गावातला फोटो पुन्हा उघडून पाहिला. आईपासून पाणी दहा पावलांवर आहे. जहाज सुटायला अजून दोन तास होते.