न दिसणारं रफू

तपासणीचे साहेब,

तोंडदेखला नमस्कार लिहिणार होते, पण पेन पुढे सरकेना. शाळेच्या खर्चाला सरकारी मदत द्यायची की नाही, हे ठरवायला गेल्या वर्षी तुम्ही घरी आलात. माझ्या मुलीच्या गणवेशाची बाही चिमटीत धरून म्हणालात, "बाई, हा तर नवाकोरा दिसतोय." कोपरावर तो चांगला फाटला होता. पण मी शिवणकाम करते, माझं रफू दिसत नाही. मदत नाकारलीत, आणि पोरगी वर्षभर तुटक्या चपला फरपटत शाळेत गेली.

यंदा तुम्ही येणार कळल्यावर मी ब्लेडने माझंच रफू उसवलं. पोरीला म्हटलं, साहेबांसमोर कोपर पुढे कर. तुम्ही भोकात बोट घालून पाहिलंत. "हं, आता गरज दिसते," म्हणालात आणि चहा पिऊन गेलात. तो कप मी दोनदा घासला. तुमची किळस आली आणि त्या ब्लेडचीही.

हे पत्र टाकणार नाही, पुढच्या वर्षीही तुम्हीच येणार.

मदतीतून काल नवा गणवेश आणला. पोरीने तो अंगाला लावून पाहिला आणि अगदी सहज विचारलं, "आई, साहेब यायच्या आधी हा कुठे फाडायचा?"

आपली लाभार्थी,
शिवणकामवाली